मोगऱ्याची अर्धी ओळ

मी एक जुनी कात्री आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फिरलेलं आहे. गोड आवाजात आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू वेगळ्या. त्यांना कुणीतरी पुसतं, जपतं, कपाटात ठेवतं. मी पेडगावच्या बुद्धविहारात दारामागच्या खिळ्याला उलटी टांगलेली असते. माझ्या एका बाजूला फाटका खराटा असतो, दुसऱ्या बाजूला परवापरवापर्यंत मागच्या जयंतीच्या पताकांचा गुंता होता. अशा जागेवर लटकून गोड बोलायचं म्हणजे कमालच झाली.

मी कागद कापायची कात्री नाही. कपड्याची तर नाहीच नाही. मी झाडं छाटायची मोठी कात्री आहे, दोन्ही हातांनी धरायची. हे एवढं ठळक सांगायचं कारण असं, की या गावात माझ्याकडून काय काय कापून घेतलं ते ऐकलं तर तुम्हालाही वाईट वाटेल. पण ते पुढे येईलच.

माझा जन्म पूर्णेचा. तिथल्या रेल्वेच्या वसाहतीत पंडित नावाचे एक माळी होते. पेडगावचेच, नोकरीपायी पूर्णेला राहिलेले. बाजारातल्या कात्र्या त्यांच्या हाताला पुरायच्या नाहीत. मेंदीचं कुंपण कापता कापता पातं वाकायचं, नाहीतर मधला खिळा ढिला पडायचा. शेवटी ते वैतागले. ट्रकच्या कमानीचा एक तुटका पाटा कुठूनतरी मिळवला आणि लोहाराकडे गेले. लोहार म्हणाला, “पंडितराव, ह्या पाट्याची कात्री? चालवायला बैल लागतील.” पंडित म्हणाले, “तू कर तर खरं. बैल मी आणतो.”

झालं, मी तयार झाले. बाभळीच्या मुठी, कमानीच्या पोलादाची पाती, मध्ये बोटाएवढा जाड खिळा. पहिल्याच दिवशी मी मेंदीचं अख्खं कुंपण सरळ रेषेत कापून दाखवलं. येणारे जाणारे थांबून बघायचे. पंडित संध्याकाळी मला पुसायचे, मधल्या खिळ्यावर तेलाचा थेंब सोडायचे आणि दोनदा उघडझाप करून कानाशी धरायचे. आवाज आला नाही की मगच ठेवायचे. मित्रांनो, माझे लाड झाले ते तेवढेच. त्यानंतर कुणी मला कानाशी धरलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर पंडित आणि त्यांची बायको सुलाबाई पेडगावला परत आले, सामानात मी. तेव्हा विहार साधा होता, चार भिंती आणि वर पत्रा. पुढे अंगण, अंगणात बाबासाहेबांचा अर्धपुतळा. सुलाबाईंनी पुतळ्यापासून फाटकापर्यंत मोगऱ्याची लांब ओळ लावली. मागे कर्दळ, कडेला गुलबक्षी, भिंतीशी शेवंती. रेल्वेच्या बागेतून आणलेल्या फांद्या मातीत दाबून दाबून त्यांनी ती ओळ वाढवली. पंडित म्हणायचे, “ओळ तुझी, कात्री माझी.” आणि दोघांचं जमून गेलं.

आता त्या विहाराची जी रीत होती ती नीट ऐका, कारण सगळा तमाशा तिच्यावरून झाला.

सहा डिसेंबरला गाव पांढरे कपडे घालून विहारात येतं. अभिवादन होतं, मेणबत्त्या लागतात, माणसं गप्प बसतात. त्या दिवशी कुणी कशाला कात्री लावत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मेण सांडलेलं असतं, सतरंज्या उचलायच्या असतात, त्यामुळे बाया माणसं येतातच. पंडितांनी एकदा म्हटलं, “जमलाच आहात तर बागेलाही हात लावा.” तेव्हापासून सात डिसेंबर हा छाटणीचा दिवस ठरून गेला.

कर्दळीचे वाळलेले दांडे जमिनीपासून काढायचे. गुलबक्षी मोडून टाकायची. शेवंती फुलावर असते, तिला हात लावायचा नाही. आणि मोगरा गुडघ्याएवढा ठेवून बाकी सगळा कापायचा. त्याला दिवाळीपासून पाणीही द्यायचं नाही. पानं पिवळी पडली तरी नाही. मोगरा असा उपाशी ठेवला आणि कापला, की थंडी ओसरल्यावर शेणखत नि पाणी मिळताच नव्या फुटीवर कळ्यांनी भरून येतो. तो भरतो बरोबर एप्रिलात. चौदा एप्रिलच्या सकाळी त्या ओळीची फुलं काढून सुलाबाई हार ओवायच्या. तो हार पुतळ्याच्या गळ्यातून खाली चौथऱ्याला टेकायचा. मिरवणुकीला आलेले पाहुणे फाटकातच थांबून विचारायचे, “मोगरा कुठून येतो हो इथं?” सुलाबाई तेव्हा उगाच पदर सारखा करायच्या.

ते माझे चांगले दिवस होते.

मग पंडित वारले. पुढे काही वर्षं सुलाबाईंनीच मला चालवलं. त्यांच्या हातात जोर होता. एकेक फांदी बघून, निवडून, त्या कापायच्या आणि तोंडाने माझ्याशी बोलायच्या. “चल बाई, आवर. ऊन व्हायच्या आत हातावेगळं करू.” मग एका पावसाळ्यात त्यांना झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, चालणं राहिलं, पण उजवा हात गेला. कात्रीला दोन हात लागतात. तिथं माझंही नशीब फुटलं.

आता त्यांच्या मुलाबद्दल सांगते. सिद्धोधन. परभणीला नोकरी, घर पेडगावात, विहार समितीचा सचिव. वाईट माणूस नाही हो. उलट फार चांगला आहे, आणि मला छळायला चांगली माणसंच पुरतात. त्याने विहाराला फरशी बसवली, रंग दिला, नळ आणला. एका उन्हाळ्यात तो नळ आटला, तेव्हा गावात टँकर यायचा. हा गडी रांगेत उभा राहून घरच्यासाठी घागरी भरायचा आणि त्यातली एक रोज मोगऱ्याला आणून घालायचा. लोक हसायचे. त्याने ओळ जगवली, खरंच जगवली. आणि तिथूनच त्याच्या मनाने घेतलं, की इतक्या हालात जगवलेल्या झाडाला कात्री लावणं म्हणजे पाप आहे.

डिसेंबर आला, की सुलाबाई म्हणायच्या, “सिद्धू, मोगरा काप रं.”

“माय, हिरवागार हाय की तो. कशाला कापायचा?”

“हिरवा हाय म्हणूनच काप. नुसता पाला वाढायलाय.”

“लोक विहार बघायला येतेत. त्यायला खुंट दाखवू का?”

वर आणखी हिवाळाभर पाणी. पाइप सोडून ठेवायचा आणि कौतुकाने म्हणायचा, “पी बाबा, पी.” मी दारामागून बघायची. अरे, त्याला आता पाजू नकोस! ओरडून ओरडून माझा घसा बसला असता, घसा असता तर. मोगरा माणसाच्या छातीएवढा वाढला. आत सगळं लाकूड, वर सगळा पाला, आणि एप्रिलात फुलं इतकी, की बुद्धमूर्तीपुढची वाटी भरायची मारामार.

आणि या सगळ्या वर्षांत मी काय करत होते? ऐका. माझ्याकडून फ्लेक्स कापला. तार कापली. सिमेंटच्या गोण्या फाडल्या. रंगाच्या डब्याचं झाकण माझ्या टोकाने उचकटलं, तेव्हापासून टोकाला वाक आहे. एकदा मंडपवाल्याने माझ्या पाठीने चक्क खुंट्या ठोकल्या. मी कात्री आहे की हातोडा, एवढं तरी बघाल की नाही? एवढ्या कामांत एक हिरवी फांदी म्हणून कुणी माझ्या तोंडाला लावली नाही. पाण्यात भिजलेली तशीच खिळ्यावर जायची. मधला खिळा गंजला, मुठी कोरड्या पडल्या. तेलाची बाटली माझ्यासमोरच्या कोनाड्यात होती, फाटकाच्या बिजागरीसाठी. फाटकाला तेल मिळायचं! मला नाही.

आता मागच्या वर्षीच्या जयंतीची गोष्ट. ओळीला फुलं नाहीत म्हणून सिद्धोधनने परभणीहून हार आणला. मोठा, जाडजूड, पांढराशुभ्र. सकाळी सगळ्यांनी वाहवा केली. दुपारचं ऊन चढलं तशी त्यातली फुलं काळवंडली, पण मधली काही पांढरीच राहिली. सुलाबाई काठी टेकत पुतळ्यापाशी गेल्या. खाली लोंबणारं टोक त्यांनी डाव्या हातात धरलं, नाकाशी नेलं, मग बोटांनी चोळलं. मधली फुलं प्लॅस्टिकची होती.

त्या पायरीवर येऊन बसल्या आणि पदराने डोळे पुसले. सिद्धोधनने ते पाहिलं. त्याने दुसऱ्या दिवशी हारवाल्याला जाऊन सुनावलं म्हणे, पण घरी आल्यावर आईसमोर बसायला त्याला जमेना. लेकराला लाज वाटली होती.

त्या वर्षीची दिवाळी झाली आणि सुलाबाईंनी सुनेला जवळ बोलावलं. सून म्हणजे नीलम, गावातल्या अंगणवाडीची ताई. घाबरट नाही, पण नवऱ्याशी उघड भांडण करणारी पण नाही.

“नीलम, मोगऱ्याचं पाणी तोड.”

“आत्या, ते रोज सकाळी बघतेत. नळ चालू न्हाई दिसला तर मलाच बोलतेन.”

“त्याच्यासमोर चालू कर. गाडी वळली की बंद कर.”

आणि नीलमने तसंच केलं, बरं का! रोज सकाळी सिद्धोधन मोटारसायकलला किक मारायचा, नीलम पाइप धरून उभी राहायची, तो कोपऱ्यावरून वळला की नळाची चावी फिरायची. मी दारामागे खुशीत असायची. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा सिद्धोधन म्हणाला, “औंदा थंडीच लय हाय.” मला हसू आवरेना.

सहा डिसेंबर झाला. सात तारखेला सकाळी सुलाबाई अंगणात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मोगऱ्यासमोर बसल्या. सिद्धोधन ड्यूटीवर निघाला होता.

“सिद्धू, आज मोगरा कापायचा,” त्या म्हणाल्या.

“माय, सकाळी सकाळी नको ना ते.”

“मला वासाचा हार घालायचाय बाबासाहेबाला. माझ्या ओळीचा. तो परभणीचा हार माझ्या डोळ्यापुढून जाईना झालाय.”

सिद्धोधन हेल्मेट हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “मी घागरी वाहून जगवलाय गं तो. मला बघवणार न्हाई.”

“मग बघू नको. जा तू ड्यूटीला.”

तो “कर काय करायचं ते” म्हणाला आणि निघून गेला. नीलमने मला खिळ्यावरून काढलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी! माझं तोंड उघडायलाच तिला पाय लावावा लागला. उघडले तेव्हा असा काही आवाज केला, की भिंतीवरचं कबूतर उडालं. तेल घालावं हे त्या गडबडीत दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. मी मनात म्हटलं, जाऊ दे, आज गाऱ्हाणी नकोत, आज काम आहे.

नीलम दोन्ही हातांनी जोर लावायची, सुलाबाई खुर्चीवरून सांगायच्या. “गुडघ्याएवढा ठेव. ती आडवी फांदी काढ. भिऊ नको, लाकूड हाय ते, दुखत न्हाई त्याला.” नीलमच्या तळहाताला फोड आला. मी कशीबशी चावत, ओढत, एकेक फांदी पाडत गेले. पुतळ्याकडून सुरुवात केली आणि फाटकाकडे निघालो. हिरव्या फांदीचा रस पात्यावर आला तेव्हा मला काय वाटलं ते सांगून कळायचं नाही. पंडित असते तर त्यांनी मला कानाशी धरलं असतं.

ओळ निम्मी झाली आणि कडूबाई आल्या. शेजारच्याच, सुलाबाईंच्या वयाच्या, गावाची खबर ठेवणाऱ्या. फाटकातच त्यांनी कपाळाला हात लावला.

“अगं माय! हे काय केलंस गं नीलम? भुंडं करून टाकलं की सगळं! सिद्धोधनला ठाव हाय का?”

“ठाव हाय त्याला. तू बस गप,” सुलाबाई म्हणाल्या.

पण गप बसतील त्या कडूबाई कसल्या! बाहेर जाऊन त्यांनी फोन लावला. काय काय सांगितलं देव जाणे. थोड्याच वेळात मोटारसायकल परत फाटकाशी उभी. सिद्धोधन आत आला आणि ओळीसमोर थांबला. अर्ध्यात गुडघ्याएवढे बोडके खुंट, अर्ध्यात छातीएवढा पाला, मध्ये घामाने भिजलेली बायको. त्याचं तोंड असं झालं, जसं कुणी त्यालाच कापलंय.

“बास,” तो म्हणाला.

“आव, अर्धीच राहिलीय, तेवढी होऊ द्या,” नीलम म्हणाली.

“बास म्हणलं ना. पुरं झालं.”

त्याने तिच्या हातातून मला घेतलं आणि नेऊन खिळ्याला अडकवलं. पुसलंसुद्धा नाही. रस तसाच माझ्या पात्यावर वाळून चिकट झाला. सुलाबाई खुर्चीवरून काहीतरी बोलत होत्या, पण त्याने ऐकून घेतलं नाही. अर्धं काम! अरे, नाही करायचं तर नको करू, पण अर्धं? दाढी करताना अर्धा गाल सोडून कुणी घराबाहेर पडतं का?

पुढचे दोन महिने विचारू नका. जो येईल तो ओळीसमोर उभा राहून चुकचुकायचा. “ह्या बाजूला रोग पडला का?” “न्हाई, अंगणवाडीच्या ताईनी तोडलं.” नीलमने मान खाली घालून यायचं नि जायचं. कडूबाई रोज येऊन नवीन काहीतरी बोलायच्या. सिद्धोधन त्याच्या हिरव्या अर्ध्याला पाणी घालायचा आणि कापलेल्या अर्ध्याकडे बघायचाच नाही. त्या अर्ध्याचं सगळं सुलाबाईच करायच्या. जानेवारी सरताना त्यांनी नीलमकडून शेणखत टाकून घेतलं, तांब्या तांब्याने पाणी द्यायला सुरुवात केली. कोवळी फूट आली तेव्हा शेळ्यांना वास लागला. मग म्हातारी डाव्या हातात काठी धरून दिवसभर खुर्चीवर. “हाड! हाड म्हणते ना!” एवढंच विहारातून ऐकू यायचं.

मी मात्र खिळ्यावरून मोजमाप घेत होते. मला माहीत होतं काय होणार आहे. मला पंडितांपासून माहीत होतं. पण सांगणार कुणाला?

मार्च सरत आला आणि कापलेल्या अर्ध्यावर कळ्या दिसल्या. आधी इथं तिथं, मग फांदी फांदीच्या टोकाला, गुच्छच्या गुच्छ. उरलेला अर्धा होता तसाच, गर्द हिरवा, नुसता पाला. एके सकाळी सिद्धोधन पाइप घेऊन आला आणि बराच वेळ मध्यभागी उभा राहिला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग नळ बंद केला आणि गेला. कडूबाईंनीही विषय बदलला. आता त्या सगळ्यांना सांगत होत्या, “मी तवाच म्हणले होते, कापल्याबिगर फुलत न्हाई.” ऐकलंत? मी तर खिळ्यावरून पडायचीच बाकी होते.

चौदा एप्रिलला उजाडताच नीलमने आणि बायकांनी कळ्या खुडल्या. परड्या भरल्या. सगळ्या विहारात वास भरला, माझ्या दारामागेसुद्धा. सुलाबाई पायरीवर बसल्या. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हाताने एकेक कळी उचलून द्यायच्या आणि नीलम ओवायची. त्यांनी घाई केली नाही. मध्येच एखादी कळी नाकाशी धरायच्या आणि मग द्यायच्या.

हार पुरा झाला, गाठ मारली, आता दोऱ्याचं टोक कापायचं होतं. छोटी कात्री सापडेना.

“ती मोठी आण,” सुलाबाई म्हणाल्या.

“आत्या, एवढ्याशा दोऱ्याला?”

“आण म्हणते ना. तिनंच फुलवलाय मोगरा.”

मित्रांनो, माझं नाव कुणीतरी घेतलं! चार माणसांत घेतलं! मला आणलं गेलं, बायकांनी वाट दिली, हाराचा दोरा माझ्या पात्यात धरला गेला. आणि मी तो कापू शकले नाही. गंज, वाळलेला रस, कोरडा खिळा. दोरा माझ्या पात्यांत दुमडला, चघळला गेला, भुसभुशीत झाला, पण तुटला नाही. नीलमने तीनदा दाबून पाहिलं. बायका हसायला लागल्या. शेवटी सुलाबाईंनी दोरा दातात धरला आणि कट्कन तोडला. आयुष्यातला एकच मान, आणि तो तेलाच्या एका थेंबापायी गेला. बाटली समोरच्या कोनाड्यात होती हो!

सिद्धोधन शिडीवर चढला आणि त्याने पुतळ्याला हार घातला. पूर्वी चौथऱ्याला टेकणारा हार आज कोटाच्या वरच्या गुंडीपर्यंतच आला.

“आखूड झाला गं हार,” कडूबाई म्हणाल्या.

“अर्ध्या ओळीचा हार हाय,” सुलाबाई म्हणाल्या. “एवढाच होणार.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण सिद्धोधन शिडीवरच थांबला. हाताला लागलेला वास त्याने एकदा घेतला, मग सावकाश खाली उतरला. आईच्या शेजारी पायरीवर बसला. म्हणाला, “माझ्यापायी आखूड झाला, माय.”

“वास तर आला ना,” त्या म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणुकीचा गुलाल झाडायच्या आधी सिद्धोधन दारामागे आला. मला काढलं. फडक्याने पुसलं. काथ्या आणि राख घेऊन गंज घासला, कानशीने पात्यांना धार लावली, टोकाचा वाक सरळ केला. आणि कोनाड्यातली ती बाटली उचलून मधल्या खिळ्यावर तेल सोडलं. मित्रांनो, काय सांगू! दोनदा उघडझाप केली आणि अजिबात आवाज आला नाही. त्याने कानाशी धरलं नाही, पण मान थोडी वाकडी केली. अगदी बापासारखी. मला वाटलं, फिरले माझे दिवस.

तो मला घेऊन तरातरा अंगणात गेला. न कापलेल्या हिरव्या अर्ध्यासमोर उभा राहिला. बाह्या वर केल्या, मला पूर्ण उघडलं, पहिली फांदी पात्यांत घेतली.

“आरं ए! ए सिद्ध्या!” घराकडून येणाऱ्या सुलाबाईंनी रस्त्यातूनच आरोळी ठोकली. “काय करायलास?”

“ऱ्हायलेला अर्धा कापायलोय, माय!”

“ह्या उन्हात? मारतोस का काय त्याला! ठेव ती कात्री!”

“तूच म्हणलीस ना काप म्हणून?”

“डिसेंबरात म्हणले होते! सात डिसेंबरला! आता त्याला हात लावशील तर बघ!”

सिद्धोधन तसाच उभा राहिला, फांदी माझ्या तोंडात. मीही तशीच. धार लावलेली, तेल घातलेली, तोंडात हिरवी फांदी, आणि कापायचं नाही. सांगा, याला काय म्हणावं? मला टांगून ठेवलं तेव्हा डिसेंबर होते. एकामागून एक होते. आणि आता माझ्यावर प्रेम आलं तर एप्रिल आहे.

त्याने फांदी हळूच सोडली. “मग तोवर काय करू?” असं त्याने लहान मुलासारखं विचारलं.

“तोवर पाणी घाल. दिवाळीला बंद कर. तुझ्या हातानं बंद कर, नीलमला चोरून करायला लावू नको.”

“चोरून?” तो नीलमकडे बघायला लागला. नीलमने घाईने खराटा उचलला.

“आन् सात तारखेला तू इथं खुर्ची टाकून बसशील ना, माय? मला सांगायला?” सिद्धोधनने विचारलं.

“बसते की,” सुलाबाई म्हणाल्या. “मला कुठं जायचंय.”

तर मित्रांनो, मी पुन्हा खिळ्यावर आहे. फरक एवढाच, की पात्यांना तेलाचं फडकं गुंडाळलेलं आहे आणि पताकांचा गुंता दुसरीकडे गेला आहे. अजून पावसाळा जायचा आहे, दिवाळी यायची आहे. मंडपवाला अधूनमधून दारामागे डोकावतो, त्याच्यावर माझं लक्ष आहे.

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला तिचंच काम द्या आणि वेळेवर द्या. ज्या झाडावर तुमचा जीव आहे, त्याला कापायच्या दिवशी कापा. फार माया आली म्हणून थांबू नका, आणि फार पश्चात्ताप झाला म्हणून भर उन्हात धावत सुटू नका. आणि तेल घाला हो, बाटली समोरच असते.

एक काम मात्र तुम्ही माझ्यासाठी करा. डिसेंबर लागला की पेडगावकडे कुणी येणार असाल, तर विहारात डोकावून सिद्धोधनला तेवढी सात तारखेची आठवण करा. खुर्चीवरच्या म्हातारीला हार या वेळी चौथऱ्यापर्यंत हवा आहे, आणि मी कितीही ओरडले तरी त्याला ऐकू जात नाही.